माथेरानला घोड्यावर बसायचं तर आधी काय काय पाहावं?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये दोन दिवस माथेरानला जायचं ठरतंय. आम्ही दोघं चालणारे. सासूबाई ७१ वर्षांच्या, वजन ५८ किलो, गुडघे दुखतात. सासरे ८८ किलो. मुलगी १३ वर्षांची (४५ किलो), मुलगा ९ वर्षांचा (२६ किलो). दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्या जात नाहीत, त्यामुळे घोड्याचा विषय निघणारच, आणि मुलांना तर घोड्यावर बसायचंच आहे.

घोड्याला त्रास देऊन मजा करायची नाही, यावर घरात एकमत आहे. पण त्रास होतोय की नाही हे आमच्यासारख्यांना कळणार कसं? वजनाचा काही हिशोब असतो का? एखादा घोडा थकलेला किंवा दुखावलेला आहे, हे लांबून ओळखता येतं का? की बसूच नये? जाणकारांनी नेमकं सांगावं. "काळजी घ्या" एवढ्यावर थांबू नका.

---

खरारा

वजनापासूनच सुरुवात करू, कारण त्यात मतांना जागा कमी आहे.

सर्वसाधारण नियम असा, की स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार ठीक. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली आठ घोड्यांवर १५ ते ३० टक्के भार टाकून पाहिलं गेलं. २० टक्क्यांपर्यंत फरक थोडा होता. २५ आणि ३० टक्क्यांना मात्र नाडी, श्वास आणि दुसऱ्या दिवशीचं स्नायूंचं दुखणं स्पष्ट वाढलं. ती चाचणी सपाट जमिनीवर होती. माथेरानच्या चढ-उतारावर वीस हा आकडा वरची मर्यादा समजा, सरासरी नव्हे.

घोड्याचं वजन कपडे मोजायच्या टेपने काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग (जीन आवळायचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोमध्ये येतं.

घेर १५०, लांबी १३० असेल तर सुमारे २४६ किलो.
घेर १६०, लांबी १४० असेल तर सुमारे ३०२ किलो.
घेर १६५, लांबी १४५ असेल तर सुमारे ३३२ किलो.

पर्यटकांना फिरवणारी बहुतेक तट्टं आणि छोटे घोडे याच पट्ट्यात येतात. नाक्यावर टेप घेऊन उभं राहणं जमणार नाही, पण हे तीन आकार डोक्यात ठेवले तर नजरेने अंदाज येतो.

आता तुमचा हिशोब. जीन, गादी, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) धरून आठ किलो पकडा.

मुलगा: २६ + ८ = ३४ किलो. कुठलाही निरोगी प्रौढ घोडा चालेल.
मुलगी: ४५ + ८ = ५३ किलो. घोडा निदान २६५ किलोचा हवा.
सासूबाई: ५८ + ८ = ६६ किलो. घोडा ३३० किलोचा हवा, म्हणजे तिथल्या थोराड जनावरांपैकीच एखादा.
सासरे: ८८ + ८ = ९६ किलो. त्यासाठी ४८० किलोचा घोडा लागेल. एवढं वजन शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं असतं. ते घोड्यावर नकोतच.

दोन्ही मुलं एकाच घोड्यावर बसवली तर ७९ किलो होतात, म्हणजे सासूबाईंपेक्षाही जास्त. शिवाय मागे बसलेल्याचं वजन जिनीच्या चौकटीबाहेर, थेट कमरेच्या मणक्यावर पडतं. तिथे खाली बरगड्यांचा आधार नसतो. "लहान आहेत, दोघं बसतील" हे कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

सासऱ्यांसाठी अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) ते माथेरान मिनी ट्रेनची शटल आहे, ई-रिक्षा आहेत. ई-रिक्षा मोजक्याच असल्याने रांग लागते, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. माणसाने ओढायच्या रिक्षांचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. त्या सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्येच दिलेला आहे.

---

पशुवैद्य_कोकण

वजनाचं वर आलंच आहे. आता घोडा पाहायचा कसा ते सांगतो. पाच मिनिटं पुरतात, पण ती घोडा उभा असताना आणि चालताना अशी दोन्ही द्यायची.

आधी चार-पाच हातांवरून नुसतं बघा. घोडा उभ्याउभ्या मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं टोक टेकवतो. ते आरामाचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. पण पुढचा पाय पुढे टाकून, त्यावरचा भार काढून उभा असेल तर त्या पायात दुखणं आहे. दोन्ही पुढचे पाय पुढे आणि सगळा भार मागे, जणू मागे रेलून उभा आहे, अशी ठेवण दिसली तर खुराच्या आतला थर सुजलेला असण्याची दाट शक्यता. असा घोडा चालवायचाच नसतो, त्याला एक-एक पाऊल जड जातं.

मग मालकाला सांगा, "मामा, दहा पावलं चालवून दाखवता का जरा?" दोर सैल सोडून, सरळ रेषेत आणि शक्यतो कठीण जमिनीवर. मान बघा. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडा मान वर झटकतो आणि बरा पाय टेकला की मान खाली जाते. मागच्या पायाचं दुखणं मानेपेक्षा ढुंगणावर दिसतं: दुखऱ्या बाजूचं हाड चालताना जास्त वर-खाली होतं. दर वेळी एकाच पायावर मान अशी झटकली जात असेल तर तो घोडा नाकारा. "थोडं चालला की मोकळा होतो" असं उत्तर मिळेल. काही सांधेदुखीत हालचालीने लंगड कमी दिसतंही, पण दुखणं गेलेलं नसतं.

श्वास: घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. म्हणून फुगलेल्या नाकपुड्या लगेच दिसतात. विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६ श्वास असतात. बरगड्यांच्या मागे, कुशीकडे बघून अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. फेरी संपवून आलेल्या घोड्याचा श्वास दहा-पंधरा मिनिटांत पंचविसाच्या आत यायला हवा. आला नाही तर त्याला अजून विश्रांती लागणार आहे, लगेच पुढची फेरी नाही.

पाणी: मानेच्या बाजूची, खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा. एक-दोन सेकंदांत सपाट झाली तर ठीक. घडी तशीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. हे मालकाला विचारूनच करा. बाजूने सावकाश, खांद्याकडून जवळ जा. थेट तोंडासमोरून किंवा मागून जाऊ नका. नाकासमोर आणि शेपटीमागे घोड्याला दिसत नाही, आणि दचकलेला घोडा आधी लाथ मारतो.

तोंड: ओठांच्या कोपऱ्यात चिरा, कच्ची कातडी, गुलाबी फेस दिसला तर कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) लागतंय. कडियाळ्याला काटे किंवा टोकं असतील तर विषयच संपला. ते बेकायदेशीर आहे.

अंगावर हात फिरवलात तर बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. पाठीचा कणा उंच धारेसारखा आणि दोन्ही बाजूंना खड्डे दिसत असतील, तर त्या पाठीवर जीन बसवण्यापुरतं मांसच नाही.

गाभण घोडीचा काळ अकरा महिन्यांचा. शेवटच्या तीन-चार महिन्यांत तिच्यावर बसू नये. आणि तीन वर्षांच्या आतल्या शिंगरावर तर नाहीच, पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते.

---

टाप

डॉक्टरांनी जीन आणि नाल सोडून दिले, ते मी घेतो. भाड्याच्या घोड्यांची निम्मी दुखणी इथेच सुरू होतात.

पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती जुनी जखम आहे. दाबाने कातडीतली रंग तयार करणारी मुळं मेली की तिथे पुढे पांढराच केस येतो. जुना ठिपका म्हणजे आजचं दुखणं नव्हे, पण आजही तीच जीन त्याच जागी बसत असेल तर खाली सूज असणार. बघायची महत्त्वाची जागा म्हणजे मान संपते तिथला खांद्याचा उंचवटा. जिनीची कमान आणि हा उंचवटा यांच्यामध्ये स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. रिकाम्या जिनीखाली पाच बोटं जातात आणि माणूस बसला की कमान हाडावर टेकते, हे नेहमीचं चित्र आहे. कारण गादीतला फोम बसलेला असतो. वर आणखी एक पोतं घालून तो प्रश्न सुटत नाही, दाब फक्त दुसरीकडे सरकतो.

दिवसभराच्या फेऱ्यांनंतर जीन काढली की घामाचा ठसा बघता येतो. सगळीकडे सारखा ओला असेल तर जीन नीट बसतेय. ओल्या ठशात मधेच कोरडा डाग असेल तर तिथे इतका दाब होता की घामसुद्धा फुटला नाही. चार-पाच दिवसांनी तिथेच फोड येतो.

तंग: तंग आणि पोट यांमध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत. तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला वळतो, तेव्हा लोक म्हणतात "खोडील आहे". बहुतेक वेळा ते पाठीचं किंवा पोटातल्या अल्सरचं दुखणं असतं. तंग एका दमात न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळावा.

आणि नाल. खूर महिन्याला सुमारे आठ-दहा मिलिमीटर वाढतो, त्यामुळे नालबंदाने चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, पुन्हा नाल बसवायला हवा. नाल झिजला नसला तरी. उशीर झाला की खुराचं पुढचं टोक लांबतं, टाच दबते आणि प्रत्येक पावलाला पायामागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ताण येतो. तुम्ही एवढंच बघा: खुराची कड नालेच्या बाहेर वाढून आलीय का, खिळ्यांची टोकं खुराच्या भिंतीतून वर उचकटलीत का, चालताना एखादा नाल खडखडतोय का. सैल नाल दगडात अडकून निघाला तर भिंतीचा तुकडाही घेऊन जातो.

माथेरानात एक वेगळी गोष्ट आहे. तांबड्या मातीच्या वाटेवर खूर थोडा रुततो, धक्का जमीन घेते. बाजाराकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर जिथे फरसबंदीचे (पेव्हर) ब्लॉक बसलेत, तिथे झिजलेला गुळगुळीत लोखंडी नाल घसरतो, विशेषतः सकाळच्या दवात आणि उतारावर. ब्लॉकला अश्वपालांचा जो विरोध होता त्यात हा मुद्दा होता आणि तो खरा आहे. म्हणून ब्लॉकवर फक्त चाल. दुडकीसुद्धा (हलकी धाव) नको. घसरलेला घोडा गुडघ्यावर पडतो, आणि गुडघ्यावरच्या पातळ कातडीची जखम भरायला आठवडे लागतात. कुठल्याही घोड्याच्या पुढच्या गुडघ्यांवर केस नसलेले वण दिसले, तर तो आधी पडलेला आहे.

---

पाऊलखुणा

खूपच उपयोगी. सासऱ्यांचं आणि दोन मुलांचं लगेच ठरलं. एक प्रश्न टोचतोय. एवढं सगळं त्या घोडेवाल्यासमोर तपासायचं, म्हणजे त्यांना अपमान नाही का वाटणार? आणि मुळात, न बसणंच जास्त योग्य नाही का?

---

कर्जतकर

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यावरून इथे नेहमी भांडणं होतात.

माथेरानात प्रवासी घोडे चारशेहून जास्त आहेत. फेब्रुवारी २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे आणि मोटारबंदी त्याआधीपासूनची. म्हणजे तिथे घोडा ही नुसती करमणूक नाही, तो कामाचा गडी आहे. कुणी बसलं नाही म्हणून घोड्याचं पोट त्या दिवशी सुट्टी घेत नाही. तीनशे किलोच्या कामाच्या घोड्याला रोज साधारण पाच-सहा किलो कोरडी वैरण, दोन ते तीन किलो चंदी (भिजवलेले हरभरे, जवाचा किंवा मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा), एक मोठा चमचा मीठ आणि तीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. धंदा बसला की आधी चांगली वैरण जाते, मग चंदी, मग नालबंद लांबणीवर पडतो. म्हणून माझं मत असं: निरोगी घोड्यावर, झेपेल एवढंच वजन, सावकाश चालीने आणि पूर्ण पैसे देऊन बसा. दुखऱ्या घोड्यावर फुकट दिला तरी बसू नका. मालकाला बाजारात खरा फरक त्यानेच कळतो.

आता अपमानाचं. बोलण्यावर असतं सगळं. घोड्याचं नाव विचारा, वय विचारा, आज कितवी फेरी आहे ते विचारा. ज्याला आपल्या जनावराची काळजी आहे तो उत्साहाने सांगतो. जीनीखालची पाठ दाखवायला सांगितल्यावर तो स्वतःच गादी उचलतो. जो टाळाटाळ करतो तिथे तुम्हाला उत्तर मिळालं. परवान्याचा क्रमांक विचारून ठेवा, तेही नॉर्मल आहे.

घोडे पळवले का जातात, तेही समजून घ्या. पॉइंटनुसार दर ठरतो आणि सुट्टीच्या दिवशी जेवढ्या फेऱ्या तेवढी कमाई. म्हणून मागून हाकारा होतो, काठी लागते. तुम्ही वेळेवर ठरवलंत, "दोन तास तुमचे, पैसे दोन तासांचे, घोडा फक्त चालवायचा, मधे दोनदा थांबायचं", की पळवण्याचं कारणच संपतं. हे बसण्याआधी ठरवा, अर्ध्या वाटेत नाही.

पॉइंटवर उतरल्यावर तुमचा फोटोंचा अर्धा तास असतो. त्या वेळात घोडा सावलीत उभा करायला सांगा, तंग दोन भोकं सैल करायला सांगा, जमलं तर कडियाळं काढून मोहरकीवर (तोंडात लोखंड नसलेल्या डोक्याच्या दोरीवर) बांधायला आणि पाणी दाखवायला सांगा. घोड्याला चारा चघळताना लाळ सुटते आणि तीच जठरातलं आम्ल शांत ठेवते. आम्ल मात्र उपाशी पोटीही चोवीस तास तयार होत असतं. सकाळी सातपासून दुपारपर्यंत तोंडात काडी नाही, असं रोज झालं की अल्सर होतो. म्हणून थांब्यावर चार मुठी वैरण मिळाली तरी मोलाची. वैरणीचे पैसे वेगळे देतो असं सुचवलंत तर बहुतेक जण आनंदाने आणतात.

---

खरारा

कर्जतकरांशी सहमत, एक दुरुस्ती. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चारनंतर "शेवटचा घोडा उरलाय" म्हणून घेऊ नका. तो सकाळपासून उभा असतो. सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्यांमधला घोडा घ्या आणि परत येताना गरज नसेल तर चाला. सासूबाईंसाठी उतरतीची वाट घोड्यापेक्षा ई-रिक्षाने बरी: उतारावर घोड्याच्या पुढच्या पायांवर जास्त भार येतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रिकिबीत पाय रोवून बसणंही कठीण जातं.

बसताना ओटा किंवा पायरी असेल तिथूनच बसा. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून स्वतःला ओढून घेतलं की सगळी जीन एका बाजूला फिरते आणि मणका पिळला जातो. चढावर थोडं पुढे झुका आणि आयाळ धरा. उतारावर सरळ बसा, अगदी मागे रेलू नका. लगाम हा आधारासाठी धरायचा कठडा नव्हे. तोल गेला की माणूस लगाम ओढतो आणि तो सगळा झटका घोड्याच्या जिभेवर आणि जबड्यावर बसतो. मुलांच्या हातात लगाम देऊच नका. त्यांनी जिनीची मूठ धरावी, आणि घोडा मालकाने दोराने, बाजूने चालत न्यावा.

---

ऊनपाऊस

कायद्याचं थोडक्यात, कारण तक्रार करायची वेळ आली तर नेमकं माहीत असलेलं बरं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ नुसार आजारी, जखमी किंवा कामाला अयोग्य जनावर कामाला लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा मात्र फारच तोकडी: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. जनावराला अपंग किंवा निकामी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

रोजच्या उपयोगाचे आहेत ते १९६५ चे ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीचे नियम. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. काटेरी कडियाळं आणि टोकदार काठी यांना बंदी. आणि वर 'टाप' यांनी सांगितलेली कमान-उंचवट्यामधली जागा हाही त्यातला नियमच आहे.

ओझ्याची मर्यादा तट्टाला ७० किलो, खेचराला २०० किलो. माथेरानात सामान वाहणारे घोडेही दिसतील, त्यांच्याकडे पर्यटकांचं लक्ष जात नाही. हिशोब करून बघा. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास (गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड). दोन सिलिंडर म्हणजे साठ, ते बसतं. चार टांगले तर एकशेवीस. सिमेंटची गोणी पन्नास किलोची, दोन टाकल्या की मर्यादा ओलांडली. भार दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर जीन सरकते आणि मणक्यावरच घासते, म्हणून सामानाच्या घोड्यांच्या पाठी प्रवासी घोड्यांपेक्षा वाईट असतात.

तक्रार करायची तर रागाने वाद घालू नका. वेळ, जागा, परवाना क्रमांक, जखमेचा जवळून एक फोटो आणि पूर्ण घोड्याचा एक फोटो, एवढं घ्या. नगरपरिषद आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे लेखी द्या. जनावराला तातडीची मदत हवी असेल तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

---

पाऊलखुणा

सगळं लिहून घेतलं. शेवटचे दोन प्रश्न. वाटेत घोडा अचानक बसला किंवा आजारी वाटला तर आम्ही काय करायचं? आणि मुलांना घोड्याला काहीतरी खायला द्यायचं आहे, काय द्यावं?

---

पशुवैद्य_कोकण

आधी उतरा. मग जीन काढायला सांगा.

पोटशूळ असेल तर घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, वरचा ओठ उचलतो, खाली बसतो, लोळायला बघतो, घाम येतो, लीद होत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर येण्याचा मार्गच नसतो. खाणं पूर्ण बंद करायचं. लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवायचं, थकेपर्यंत मात्र नाही. शांत पडून राहिला तर राहू द्यायचं. नाळेने किंवा बाटलीने तोंडात तेल, हिंगाचं पाणी, सोडा ओतायचा नाही. ते श्वासनलिकेतून फुफ्फुसात जातं आणि पोटशूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियाने मरतो. तेल द्यायचंच तर ते डॉक्टर नाकातून नळी घालून देतात. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांना लागते, विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर टिकून राहिली तर डॉक्टर तातडीने हवा, आणि फोनवर हाच आकडा सांगा.

उष्माघात असेल तर धाप थांबत नाही, घोडा अडखळतो, अंग तापतं, कधी घाम येणंच बंद होतं. सावलीत घ्या आणि साधं गार पाणी मान, छाती, पोट, मागचे पाय सगळीकडे सतत ओतत राहा, श्वास उतरेपर्यंत. "गार पाण्याने अंग आखडतं" हा समज चुकीचा आहे आणि त्यात वेळ जातो. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, खाली ऊब साठते. पाणी पिऊ द्या, थोड्या थोड्या वेळाने.

लंगडायला लागला तर आधी तळवा बघायचा. मालक आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे खूर साफ करतो, मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत खडा अडकलेला असतो. खिळा किंवा काच घुसली असेल तर भोकाची जागा लक्षात ठेवायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आग्रह धरायचा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

एक वेगळी सूचना. नाकातून घट्ट पिवळा स्राव आणि पायांवर किंवा मानेवर ओळीने गाठी-फोड दिसले तर त्या घोड्याला हात लावू नका, मुलांना तर लांबच ठेवा. ग्लँडर्स नावाचा जीवाणूंचा रोग असू शकतो. तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. तो आढळला की सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. असं काही दिसलं तर थेट सरकारी दवाखान्यात सांगा.

---

कर्जतकर

खाण्याचं मी सांगतो. गाजर उत्तम, पण उभं चिरून लांब फोडी करा. गोल चकत्या घशात अडकतात. एका घोड्याला दोन गाजरं बास. सफरचंदाच्या फोडी बिया काढून चालतील. गुळाचा सुपारीएवढा खडा चालतो. भजी, वेफर्स, बिस्किटं, शिळी पोळी, चिक्की नको. पिठाचे पदार्थ एकदम पोटात गेले की गॅस होतो आणि पोटशूळाची सुरुवात तिथूनच होते. भाजलेलं कणीस खाऊन उरलेला दांडाही टाकू नका, तो आतड्यात अडकतो. वेष्टनं तर परत पिशवीत घालूनच आणा.

देण्याआधी मालकाला विचारा आणि कडियाळं काढून मग द्या, तोंडात लोखंड असताना नीट चावता येत नाही. फोड सपाट तळहातावर ठेवायची, अंगठा बोटांना चिकटवून. घोड्याला स्वतःच्या तोंडासमोरची वस्तू दिसत नाही, तो मिशांनी आणि ओठांनी चाचपतो. बोटांच्या चिमटीत धरलेली फोड आणि बोट यातला फरक त्याला कळत नाही.

आणि मुलांना पायात बूट घाला, टाच असलेले. चप्पल-सँडल रिकिबीतून आरपार जाते आणि पडल्यावर पाय अडकतो. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा. हेल्मेट मिळालं तर मागून घ्या, नाहीतर सायकलचं घरून न्या.